मॅडोना : स्वतःच्या कारकिर्दीची धनीण

पाश्चात्त्य पॉपसंगीताच्या विक्रीचा लेखाजोखा मांडायचा झाल्यास गायिकांच्या यादीत पहिले नाव मॅडोनाचे येते. अल्बम आणि सिंगल मिळून तिच्या ध्वनिमुद्रिकांच्या ३० कोटींहून अधिक प्रती जगभरात खपल्याचा अंदाज असून, सर्वाधिक खपाची गायिका म्हणून 'गिनेस बुक'ने तिची नोंद केली आहे. अमेरिकेतील 'बिलबोर्ड'च्या पहिल्या शंभर गाण्यांच्या यादीत तिची १२ गाणी अग्रस्थानी पोहोचली, तर ३८ गाणी पहिल्या दहांत आली. नृत्यसंगीताच्या यादीत तर तिने अग्रस्थान ५० वेळा पटकावले. एकाच यादीत इतक्यांदा अव्वल ठरणारी ती पहिलीच कलावंत होय.

ही आकडेवारी थक्क करणारी असली तरी तिच्यातून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मॅडोनाचा आवाज असामान्य आहे, असे तिचे चाहतेही म्हणत नाहीत. व्हिटनी ह्यूस्टन आणि मारिया कॅरी या तिच्या समकालीन गायिकांच्या गळ्याचा पल्ला तिच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. अभिनयात तिला वारंवार अपयश आले. तरीही १९८२मध्ये पहिली तबकडी काढणारी ही गायिका २०२४मध्ये लाखोंच्या समुदायासमोर उभी होती. या दीर्घायुष्याचे रहस्य तिच्या गळ्यात शोधण्यापेक्षा तिने कोणते निर्णय घेतले आणि ते घेण्याचा अधिकार कसा मिळवला, यात शोधणे अधिक उचित ठरते. गायिकेने गावे आणि बाकीचे कंपनीने ठरवावे, ही पॉपसंगीताच्या व्यवसायातील जुनी रीत होती. मॅडोनाने ती मोडली. आणि तिची किंमतही मोजली.

मिशिगनमधील घर

मॅडोना लुईझ चिकोने हिचा जन्म १६ ऑगस्ट १९५८ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील बे सिटी येथे झाला. 'मॅडोना' हे तिने पुढे घेतलेले टोपणनाव असावे, असा अनेकांचा समज असतो. परंतु ते तिचे खरेच नाव असून आईच्या नावावरूनच ठेवलेले आहे. वडील टोनी चिकोने हे इटलीतून स्थलांतरित झालेल्या कुटुंबातील; व्यवसायाने अभियंता. आई फ्रेंच-कॅनेडियन वंशाची. घरात सहा मुले आणि कडक कॅथलिक शिस्त.

१ डिसेंबर १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, आई स्तनाच्या कर्करोगाने निवर्तली. मॅडोना तेव्हा पाच वर्षांची होती. काही वर्षांनी वडिलांनी घरकाम पाहणाऱ्या स्त्रीशी दुसरा विवाह केला. आईच्या मृत्यूने आपल्या स्वभावाला वळण दिले, असे मॅडोनाने पुढे अनेक मुलाखतींतून सांगितले आहे. आई, श्रद्धा आणि पापाची जाणीव हे तिच्या गाण्यांत वारंवार येणारे विषय याच घरातून आले.

शाळेत ती हुशार होती. नृत्याची गोडी लागल्यावर ख्रिस्तोफर फ्लिन या नृत्यशिक्षकाने तिला घडवले. नृत्यासाठी मिशिगन विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. पण पदवी पूर्ण न करताच १९७८मध्ये ती न्यूयॉर्कला निघून गेली. त्या वेळी खिशात ३५ डॉलर होते, असे ती सांगत आली आहे.

न्यूयॉर्कची उमेदवारी

गायिका होण्याचे स्वप्न घेऊन ती न्यूयॉर्कला आली नव्हती. तिला नर्तिका व्हायचे होते. पर्ल लँग यांच्यासारख्या नामवंतांकडे तिने धडे घेतले. पोटासाठी डोनटच्या दुकानात काम केले, चित्रकारांसमोर व छायाचित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसण्याचे कामही केले. पुढे 'ब्रेकफास्ट क्लब' या वाद्यवृंदात ती ड्रम वाजवू लागली, नंतर गाऊ लागली आणि स्टीफन ब्रे या जुन्या मित्राच्या साथीने स्वतःची गाणी रचू लागली.

त्या काळी न्यूयॉर्कमधील नृत्यक्लब हे नव्या संगीताची परीक्षा घेणारे ठिकाण होते. एखादी ध्वनिफीत क्लबात वाजवायची आणि लोक नाचतात की नाही ते पाहायचे, असा सरळ हिशेब असे. 'डान्सटेरिया' या क्लबातील डीजे मार्क कॅमिन्स याला गाठून मॅडोनाने आपल्या 'एव्हरीबडी' या गाण्याची फीत वाजवायला लावली. गर्दीला गाणे आवडले आणि कॅमिन्सने तिची गाठ 'सायर रेकॉर्ड्स'चे प्रमुख सीमूर स्टाइन यांच्याशी घालून दिली. स्टाइन तेव्हा हृदयाच्या दुखण्यामुळे रुग्णालयात होते. मॅडोना तेथेच त्यांना भेटली आणि करार झाला.

ऑक्टोबर १९८२मध्ये 'एव्हरीबडी' बाजारात आले. वेष्टनावर गायिकेचे छायाचित्रच नव्हते. गाण्याचा बाज ऐकून अनेक श्रोत्यांना ती कृष्णवर्णीय गायिका वाटली. ज्या कलावतीचा चेहरा पुढे जगातील सर्वाधिक परिचित चेहऱ्यांपैकी एक ठरला, तिची सुरुवात अशी चेहऱ्याविना झाली.

छोट्या पडद्याचे बळ

'मॅडोना' हा पहिला अल्बम जुलै १९८३मध्ये प्रसिद्ध झाला. 'हॉलिडे', 'बॉर्डरलाइन' आणि 'लकी स्टार' ही त्यातील गाणी हळूहळू वर चढत गेली. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी 'एमटीव्ही' ही संगीताला वाहिलेली वाहिनी सुरू झाली होती. गाणे केवळ ऐकण्याचे राहिले नव्हते. ते पाहण्याचेही झाले होते. नृत्याचे शिक्षण घेतलेल्या मॅडोनाने ही संधी इतरांआधी ओळखली. जाळीदार कपडे, हातभर बांगड्या, गळ्यात क्रूस आणि विस्कटलेले केस हा तिचा वेश अमेरिकेतील शाळकरी मुलींनी उचलला.

१४ सप्टेंबर १९८४ रोजी एमटीव्हीच्या पहिल्याच पुरस्कार सोहळ्यात तिने वधुवेशात 'लाइक अ व्हर्जिन' सादर केले आणि रंगमंचावर लोळण घेतली. तिची कारकीर्द संपली, असे त्या रात्री अनेकांना वाटले. घडले उलटेच. नोव्हेंबरमध्ये त्याच नावाचा अल्बम आला. त्याची निर्मिती नाइल रॉजर्स यांनी केली होती. शीर्षकगीत सहा आठवडे बिलबोर्डच्या अग्रस्थानी राहिले आणि अल्बमचा खप जगभरात दोन कोटींच्या पुढे गेला.

१९८५ हे वर्ष तिचेच होते. 'डेस्परेटली सीकिंग सुझन' हा चित्रपट चालला, पहिला संगीतदौरा झाला, अभिनेता शॉन पेनशी विवाह झाला. त्याच वर्षी, उमेदवारीच्या काळात काढलेली तिची नग्न छायाचित्रे दोन मासिकांनी प्रसिद्ध केली. अशा प्रसंगी कलावतीने माफी मागावी किंवा दिसेनासे व्हावे, ही प्रथा. मॅडोनाने दोन्ही केले नाही. काही दिवसांतच, १३ जुलै रोजी, ती 'लाइव्ह एड'च्या विराट कार्यक्रमात गायला उभी राहिली. आपल्या भूतकाळाचा धाक इतरांना घालू द्यायचा नाही, हे तिने ठरवून टाकले होते.

रचना आणि निर्मिती

'ट्रू ब्लू' (१९८६) या तिसऱ्या अल्बमपासून महत्त्वाचा बदल झाला. सर्व गाण्यांच्या लेखनात तिचा वाटा होता आणि निर्मितीतही ती पॅट्रिक लेनर्ड व स्टीफन ब्रे यांच्या बरोबरीने सहभागी होती. ही केवळ श्रेयाची बाब नव्हती. ध्वनिमुद्रिकेच्या व्यवसायात गायकाला मिळणारा वाटा, गीतलेखकाला मिळणारा वाटा आणि निर्मात्याला मिळणारा वाटा हे निरनिराळे असतात. जी गायिका केवळ गाते, तिच्या हाती त्यातला एकच येतो. 'ट्रू ब्लू' २८ देशांत अग्रस्थानी पोहोचला आणि या तिन्ही वाट्यांत मॅडोनाचे नाव होते.

याच अल्बममधील 'पापा डोन्ट प्रीच' हे गाणे अविवाहित गरोदर मुलीचे आहे. मूल वाढवण्याचा तिचा निर्धार पाहून गर्भपातविरोधकांनी गाण्याचे स्वागत केले, तर ते किशोरवयीन मुलींना चुकीची वाट दाखवते, अशी टीका दुसऱ्या बाजूने झाली. आपल्या गाण्यावर वाद होऊ द्यायचा, मात्र त्याचा अर्थ स्वतः सांगत बसायचे नाही, ही तिची पद्धत येथून रूढ झाली.

पेप्सीचा प्रसंग

मार्च १९८९मधील 'लाइक अ प्रेअर'चा प्रसंग व्यवसायाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. पेप्सी कंपनीने ५० लाख डॉलर देऊन मॅडोनाशी करार केला होता. कंपनीची जाहिरात म्हणजे बालपणीच्या आठवणींची निरागस चित्रफीत होती आणि तिच्यात हे नवे गाणे प्रथमच ऐकवले गेले. दुसऱ्याच दिवशी गाण्याचा मूळ व्हिडिओ एमटीव्हीवर झळकला. त्यात जळते क्रूस होते, तळहातावरच्या जखमा होत्या आणि कृष्णवर्णीय संताचे चुंबन होते. धार्मिक संघटना खवळल्या, व्हॅटिकनने निषेध केला, पेप्सीवर बहिष्काराची हाक आली. कंपनीने जाहिरात मागे घेतली. मात्र मॅडोनाला दिलेले मानधन तिच्याकडेच राहिले.

जाहिरात आणि व्हिडिओ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. जाहिरातीवर कंपनीचा ताबा होता, व्हिडिओवर नव्हता. ही फट कंपनीने ओळखली नाही. वादाच्या धुरळ्यात एक गोष्ट मात्र झाकली गेली. हा अल्बम तिने आईच्या स्मृतीस अर्पण केला होता आणि त्याच्या वेष्टनात एड्सविषयी माहिती देणारे पत्रक घातले होते. या आजाराचे नाव घेण्यासही लोक कचरत, तो हा काळ. तिचा जिवलग मित्र मार्टिन बर्गोइन १९८६मध्ये एड्सने दगावला होता. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील आपल्या कार्यक्रमाचे उत्पन्न तिने एड्सविरोधी कार्याला दिले. तिचा गुरू फ्लिन यालाही १९९०मध्ये याच रोगाने गाठले.

१९९०मधील 'ब्लाँड अँबिशन' दौऱ्याने संगीतकार्यक्रमाचे स्वरूपच बदलले. नेपथ्य, वेशभूषा आणि कथासूत्र यांनी बांधलेला तो नाट्यप्रयोगच होता. त्यातील शंकूच्या आकाराची चोळी ही फ्रेंच वेशभूषाकार जाँ पॉल गोतिए यांची निर्मिती. टोरांटोत कार्यक्रमातील एक भाग वगळला नाही, तर अटक करू, असा इशारा पोलिसांनी दिला. मॅडोनाने काहीही न वगळता कार्यक्रम केला. अटक झाली नाही. त्याच वर्षी निघालेल्या 'द इमॅक्युलेट कलेक्शन' या निवडक गाण्यांच्या संग्रहाचा खप तीन कोटींच्या घरात गेला. अर्थव्यवहाराला वाहिलेल्या 'फोर्ब्ज' नियतकालिकाने ऑक्टोबर १९९०मध्ये तिला मुखपृष्ठावर घेतले आणि ही अमेरिकेतील सर्वांत चतुर उद्योजिका आहे काय, असा प्रश्न विचारला.

मॅव्हरिक : कंपनीची मालकीण

एप्रिल १९९२मध्ये मॅडोनाने 'टाइम वॉर्नर'च्या भागीदारीत 'मॅव्हरिक' ही स्वतःची कंपनी काढली. ध्वनिमुद्रिका, चित्रपट, पुस्तके असा तिचा विस्तार होता. करारानुसार सुमारे ६ कोटी डॉलर आगाऊ मिळाल्याचे आणि रॉयल्टीचा दर २० टक्के ठरल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. एखाद्या गायिकेला अशा अटी तोवर मिळाल्या नव्हत्या.

कंपनीचा पहिला प्रकल्प मात्र तिच्यावरच उलटला. ऑक्टोबर १९९२मध्ये 'सेक्स' हे धातूच्या वेष्टनातील छायाचित्रांचे पुस्तक आणि 'इरॉटिका' हा अल्बम एकापाठोपाठ आले. पुस्तकाच्या १५ लाख प्रती हातोहात संपल्या. पण टीकाकारांनी तिला झोडपून काढले. तिला यापुढे सांगण्यासारखे काही उरले नाही, असा सूर वृत्तपत्रांतून निघाला. 'इरॉटिका'चा खप आधीच्या अल्बमच्या मानाने कमी राहिला. ज्या धीटपणाने तिला वर नेले, त्याचीच मर्यादा येथे दिसली.

मॅव्हरिकचे खरे यश दुसऱ्याच गायिकेच्या रूपाने आले. अॅलनिस मॉरिसेट या कॅनडाच्या तरुणीचा 'जॅगेड लिटल पिल' हा अल्बम १९९५मध्ये मॅव्हरिकनेच काढला आणि त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. गायिका मालकीण झाली तर ती केवळ स्वतःच्या गाण्यांवर अवलंबून राहत नाही, हे यातून सिद्ध झाले. वॉर्नरशी असलेली ही भागीदारी अखेरीस बिनसली, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००४मध्ये वॉर्नरने तिचा हिस्सा विकत घेतला.

सावरणे

पडझडीनंतर मॅडोनाने वाद वाढवण्याऐवजी कामाची दिशा बदलली. 'बेडटाइम स्टोरीज' (१९९४) या सौम्य अल्बममधील 'टेक अ बो' सात आठवडे अग्रस्थानी राहिले. त्यानंतर आला अॅलन पार्कर दिग्दर्शित 'एव्हिटा' (१९९६). अर्जेंटिनाच्या एव्हा पेरोन यांच्या जीवनावरील या संगीतपटात भूमिका मिळावी म्हणून तिने दिग्दर्शकाला चार पानी पत्र लिहिले. भूमिका मिळाल्यावर वयाच्या सदतिसाव्या वर्षी नव्याने गळा तयार करण्याची तालीम केली. या चित्रपटासाठी तिला गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. चित्रीकरणाच्या काळातच ती गरोदर राहिली आणि ऑक्टोबर १९९६मध्ये मुलगी लूर्डिसचा जन्म झाला.

एव्हिटाच्या तालमीचा लाभ 'रे ऑफ लाइट' (१९९८) या अल्बमला झाला. विल्यम ऑर्बिट या ब्रिटिश निर्मात्याच्या साथीने केलेल्या या अल्बममध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताच्या पार्श्वभूमीवर मातृत्व, मृत्यू आणि कीर्तीचा पोकळपणा हे विषय आले. १९९९मध्ये सर्वोत्तम पॉप अल्बमसह अनेक ग्रॅमी पुरस्कार त्याने मिळवले. पंधरा वर्षे खपाचे उच्चांक गाठणाऱ्या गायिकेला गाण्यासाठीचे ग्रॅमी पहिल्यांदा मिळाले, ते या अल्बममुळे.

भारतीय वाचकाला या अल्बममधील 'शांती/अष्टांगी' हे गीत विशेष वाटेल. ते संस्कृतात असून, त्याचा काही भाग आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'योगतारावली'तून घेतला आहे. मॅडोना त्या काळी अष्टांग योगाचा अभ्यास करीत होती. त्याच वर्षी एमटीव्हीच्या सोहळ्यात कपाळी गंध लावून, पारदर्शक कपड्यांत तिने केलेल्या सादरीकरणाला वैष्णवांच्या एका संघटनेने आक्षेप घेतला. परक्या संस्कृतीतून हवे ते उचलायचे, हा आरोप तिच्यावर यापूर्वीही झाला होता. 'व्होग' (१९९०) या गाण्यातील नृत्यशैली न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन समलिंगी तरुणांच्या मेळाव्यांतून आली होती. तिला जगभर नेण्याचे श्रेय मॅडोनाला मिळाले, तसा पैसाही तिलाच अधिक मिळाला. बेल हुक्स या विदुषीने १९९२मध्येच या व्यवहाराची कठोर चिकित्सा केली होती. मॅडोनाच्या मूल्यमापनात ही बाजू वगळून चालत नाही.

भारतात उपग्रह वाहिन्यांचे आगमन १९९१मध्ये झाले आणि त्यांच्याबरोबर एमटीव्ही मुंबई-पुण्याच्या घरांत पोहोचला. त्याआधी कॅसेटवर ऐकलेली मॅडोना आता पडद्यावर दिसू लागली. तोवर चित्रपटसंगीताच्या छायेत असलेल्या भारतीय पॉपला त्याच दशकात स्वतःची बाजारपेठ मिळाली. 'मेड इन इंडिया' (१९९५) हा अल्बम गाजवणाऱ्या अलिशा चिनॉय हिला वृत्तपत्रांनी 'इंडियन मॅडोना' म्हणावे, यातच त्या प्रभावाची खूण आहे.

तबकडीकडून तिकिटाकडे

'म्युझिक' (२०००) या अल्बमने नव्या शतकाची सुरुवात दणक्यात झाली. मुलगा रॉकोचा जन्म आणि दिग्दर्शक गाय रिची यांच्याशी विवाह याच वर्षीचे. पुढचा 'अमेरिकन लाइफ' (२००३) मात्र फसला. इराक युद्धाच्या तोंडावर केलेला त्याचा युद्धविरोधी व्हिडिओ तिने स्वतःच मागे घेतला. एरवी माघार न घेणाऱ्या कलावतीची ही माघार अनेकांना खटकली. दोन वर्षांनी आलेल्या 'कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर'ने भरपाई केली. 'अॅबा' या स्वीडिश समूहाच्या जुन्या गाण्यातील सुरावट रीतसर परवानगी घेऊन वापरलेले 'हंग अप' ४१ देशांत अग्रस्थानी गेले.

याच सुमारास इंटरनेटवरून फुकट गाणी उतरवून घेण्याने तबकड्यांचा खप घसरू लागला होता. यापुढे पैसा तबकडीत नव्हे, तिकिटात आहे, हे ओळखून मॅडोनाने २००७मध्ये पंचवीस वर्षांची वॉर्नरची साथ सोडण्याचा निर्णय जाहीर केला. कार्यक्रमांचे आयोजन करणाऱ्या 'लाइव्ह नेशन' या कंपनीशी तिने दहा वर्षांचा करार केला. त्याची रक्कम १२ कोटी डॉलर असल्याचे सांगितले गेले. अल्बम, दौरे आणि विक्रीच्या वस्तू हे सारे एकाच करारात आणण्याची ही पद्धत तेव्हा नवी होती. २००८-०९च्या 'स्टिकी अँड स्वीट' दौऱ्याचे उत्पन्न ४० कोटी डॉलरहून अधिक झाले. गायिकेच्या दौऱ्याचा हा विक्रम २०२३पर्यंत अबाधित राहिला. त्या वर्षी बियॉन्से आणि टेलर स्विफ्ट यांच्या दौऱ्यांनी तो मोडला.

मलावी या आफ्रिकी देशातील अनाथ मुलांसाठी तिने २००६मध्ये 'रेझिंग मलावी' ही संस्था काढली. या देशातील चार मुले तिने दत्तक घेतली. पहिल्या दत्तकविधानाच्या वेळी, श्रीमंत गायिकेसाठी नियम वाकवले गेले काय, यावर मोठे वादंग झाले. ब्लँटायर येथे २०१७मध्ये सुरू झालेले मुलांच्या शस्त्रक्रियांचे केंद्र हे या कार्याचे ठोस फलित मानले जाते.

वयाशी झगडा

पन्नाशीनंतर मॅडोनाचा सामना ज्या टीकेशी झाला, तिचे स्वरूप वेगळे होते. पूर्वी तिच्या गाण्यांवर, वेशावर आक्षेप असे. आता ती अजून गाते आणि नाचते कशाला, हाच आक्षेप झाला. २०१५मध्ये तिचे नवे गाणे 'बीबीसी रेडिओ १'ने आपल्या प्रक्षेपणयादीत घेतले नाही. हा वयामुळे झालेला भेदभाव असल्याचे मॅडोना म्हणाली. रेडिओने वयाचा संबंध नाकारला. त्याच महिन्यात लंडनच्या ब्रिट पुरस्कार सोहळ्यात अंगावरचा झगा वेळेत न सुटल्याने ती पायऱ्यांवरून मागे कोसळली. क्षणभरात उठून तिने गाणे पुरे केले. डिसेंबर २०१६मध्ये 'बिलबोर्ड'चा वर्षातील सर्वोत्तम स्त्री कलावंताचा सन्मान स्वीकारताना केलेल्या भाषणात तिने संगीतव्यवसायातील स्त्रीद्वेष आणि वयाचा पूर्वग्रह यांवर थेट बोट ठेवले.

'मॅडम एक्स' (२०१९) नंतरच्या दौऱ्यात दुखापतींमुळे अनेक कार्यक्रम रद्द करावे लागले. जून २०२३मध्ये गंभीर जिवाणूसंसर्गामुळे तिला अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. कारकिर्दीच्या चाळीस वर्षांनिमित्त आखलेला 'सेलिब्रेशन' दौरा लांबणीवर पडला. ऑक्टोबरमध्ये लंडन येथे तो सुरू झाला आणि ४ मे २०२४ रोजी ब्राझीलमध्ये रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर विनामूल्य कार्यक्रमाने त्याची सांगता झाली. त्या रात्री किनाऱ्यावर सुमारे १६ लाख लोक जमल्याचा अंदाज स्थानिक प्रशासनाने व्यक्त केला. तेव्हा ती ६५ वर्षांची होती. एड्सने गेलेल्या मित्रांची आणि कलावंतांची छायाचित्रे या दौऱ्यात तिच्या मागील पडद्यावर झळकत होती. त्यांत मार्टिन बर्गोइनही होता.

लेखाजोखा

वॉर्नर कंपनीशी तिचे संबंधही पुन्हा जुळले. २०२१मध्ये आपल्या त्रेसष्टाव्या वाढदिवशी तिने जुन्या अल्बमच्या पुनर्प्रकाशनासाठी वॉर्नरशी करार जाहीर केला. २०२५मध्ये नव्या नृत्यसंगीताच्या अल्बमसाठीही त्याच कंपनीकडे परतत असल्याचे तिने सांगितले. १९८२मध्ये जी मुलगी एका रुग्णालयात करारासाठी गेली होती, ती या वेळी स्वतःच्या अटी घेऊन गेली, हाच या दोन करारांतील फरक.

मॅडोनाच्या कारकिर्दीत चुका आहेत, उसनवारी आहे, फसलेले चित्रपट आहेत आणि धक्का देण्यासाठीच दिलेले धक्केही आहेत. तिचे प्रत्येक नवे रूप तिच्या चाहत्यांनाही रुचले, असे नाही. पण आपली गाणी कोणी रचायची, आपले रूप कोणी ठरवायचे, आपल्या कमाईतील वाटा किती आणि आपण थांबायचे केव्हा, हे चार प्रश्न तिने दुसऱ्यांवर सोपवले नाहीत. तिच्यानंतर आलेल्या गायिका स्वतःची कंपनी काढतात, निर्मितीत वाटा मागतात, आपल्या ध्वनिमुद्रणांच्या हक्कांसाठी कंपन्यांशी उघड झगडतात. त्यांना ते स्वाभाविक वाटते. चार दशकांपूर्वी ते स्वाभाविक नव्हते.